चवथीला सुप्याला निघण्याआधी

श्रावण अर्धा सरला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न फिरतो: चवथीला गावी बसनं जाणार की गाडीनं? गेल्या काही वर्षांत 'गाडीनं' म्हणणारे वाढलेत. त्यांच्यातलं कुणीतरी हमखास लिहितं, "सर्व्हिसिंग कालच करून आणलं, आता चिंता नाही." हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. सर्व्हिसिंग झालेली गाडी सुप्याच्या रस्त्याला तयार असतेच असं नाही.

ज्यांचं सासर-माहेर तिकडचं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि जुनं सुपा गाव त्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, विस्थापितांपैकी बरेच जण रामनगरला वसले. पण आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही तालुक्याला सुपाच म्हणतात, आणि मीही. तालुक्याचा मोठा भाग जंगल आहे. दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्पाला २०१५ पासून काली व्याघ्र प्रकल्प म्हणतात, तो इथलाच. बेंगळुरूहून येणारे धारवाडपर्यंत रुंद महामार्गावर असतात, मग हल्याळ, दांडेली करत जोयड्याला येतात. पुण्याकडचे बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट असे येतात. जोयड्याहून पुढे कुंभारवाडा, अणशी आणि मग घाट उतरून कद्रा, कारवार. चवथ पडते भाद्रपदात, म्हणजे पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. झाडं रस्त्यावर ओणवी झालेली, वळणावर शेवाळ, मैलोन्‌मैल मोबाइलला रेंज नाही. अतिवृष्टीत अणशी घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडतो, हेही नवं नाही.

आता आपली गाडी बघा. ती वर्षभर घर ते ऑफिस जाते, सिग्नलला थांबते, क्वचित साठच्या वर जाते. तिच्यात बहुतेक वेळा दोनच माणसं असतात. चवथीला तिच्यात पाच माणसं, मागे बॅगा, मखराचं सामान, तांदळाची पिशवी, आणि येताना नारळ-सुपारी. एवढं ओझं घेऊन ती पावसात, घाटात, अनोळखी खड्ड्यांतून जाते. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर वर्षभर दोन जण वापरतात तो सर्व्हर आपण एका दिवशी अचानक हजार लोकांना उघडून देतो. मी मेकॅनिक नाही, बी.ई. झालेली सॉफ्टवेअरवाली आहे. पण रामनगरात वाढले, आणि माझे थोरले काका दांडेलीकडून लाकडाच्या लॉऱ्या चालवायचे. त्यामुळे गाडीकडे बघायची एक रीत घरातूनच मिळाली: आधी थांबते का ते बघायचं, मग चालते का ते.

म्हणून ब्रेकपासून.

चौदाशे किलोची भरलेली गाडी ५०० मीटर उंची उतरली तर किती ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, याचा हिशेब मी एकदा केला होता. जवळपास सत्तर लाख जूल येतात. नळाचं वीस-बावीस लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच लागते. तुम्ही घाट नुसता ब्रेक दाबत उतरलात तर जवळपास सगळी उष्णता चार चाकांतल्या ब्रेकच्या पॅड-डिस्कमध्ये जाते. त्या तापतात, पॅडची पकड कमी होते, आणि एका वळणावर पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

यात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती सर्व्हिसिंगच्या बिलावर सहसा दिसत नाही: ब्रेक फ्लुइड. हे द्रव हवेतली वाफ हळूहळू शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की प्रमाणाप्रमाणे ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. तापलेल्या ब्रेकजवळ ते उकळलं की नळीत बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, बुडबुडा दाबला जातो, म्हणून पॅडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. शहरात ब्रेक एवढे तापतच नाहीत, त्यामुळे चार वर्षांचं जुनं फ्लुइडही निमूट काम करतं. ते आपलं वय घाटातच दाखवतं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात. तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललं हे बिलं काढून बघा. नोंद सापडली नाही तर बदललेलं नाही असंच धरा. खर्च एका टायरच्या तुलनेत किरकोळ आहे.

आणि उतरण्याची रीत. काकांचा नियम लॉरीवाल्यांच्या सगळ्या पिढ्यांचा आहे: ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात इंजिनच गाडीला मागे धरतं, ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. ऑटोमॅटिकवाल्यांना वाटतं आपल्या गाडीत ही सोय नाही. असते. लिव्हरवर 'एल', '२', 'एस' किंवा अधिक-उण्याची खूण असेल ती त्यासाठीच आहे. घाटात नव्हे, घराजवळच्या उतारावर ती एकदा वापरून बघा. विजेच्या गाडीत मोटरच ब्रेकचं काम करते, पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि हे काम कमी होतं. म्हणून घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून उतरायला लागू नका.

न्यूट्रल टाकून उतरल्यानं पेट्रोल वाचतं हा समज आपल्या मंडळींत अजून ठाण मांडून आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडा तरी अर्थ होता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. म्हणजे वाचत नाही, उलट जातं. इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट. ब्रेकला जोर देणारी यंत्रणा दोन-तीन दाबांनंतर संपते आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं.

जळका वास आला, पॅडल मऊ लागलं, तर रुंद जागा बघून थांबा. अर्धा तास. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होऊ शकते. पोरांना चिवडा द्या.

टायरचं बोलते. आयटीतल्या आपल्या पुष्कळ जणांच्या गाड्या घरून काम सुरू झाल्यापासून उभ्याच असतात. सहा वर्षांची गाडी, वीस हजार किलोमीटर, आणि मालक अभिमानानं सांगतो की टायर नव्यासारखे आहेत. नक्षी नव्यासारखी असते, रबर नसतं. टायरच्या कडेला 'डॉट' अक्षरांपुढच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर उन्हानं, हवेनं कडक होतं, बाजूला केसासारख्या भेगा पडतात, आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. पाच वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. भेगा दिसल्या तर नक्षीकडे न बघता बदलावा. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. टायरच्या खाचांत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पण ही कोरड्या हिशेबाची हद्द झाली. खाचेचं काम पाणी बाजूला सारणं हे असतं. ती उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. आमच्याकडच्या पावसासाठी मी ३ मिलिमीटरलाच टायर बदलते. घरचे याला उधळपट्टी म्हणतात. म्हणोत.

हवा किती भरायची हे पंपावरच्या मुलाला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक. चवथीला दुसरा आकडा. टायर थंड असतानाच मोजायची, म्हणजे घरातून निघून जवळच्याच पंपावर. स्टेपनी विसरू नका, आणि तिथेच अजून एक करून बघा: गाडीतल्या पान्यानं चाकाचे नट तुमच्या हातानं सुटतात का? सर्व्हिस सेंटरमध्ये ते हवेच्या गननं असे आवळतात की रस्त्यावर पान्यावर उभं राहूनही हलत नाहीत. हा प्रयोग सोसायटीच्या पार्किंगमध्ये करावा, अणशीच्या जंगलात नाही. काही गाड्यांत एका नटाला वेगळी किल्ली लागते, ती कुठे ठेवलीय तेही बघा. स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटर.

दिसणं हाही सुरक्षेचाच भाग. वायपरचं रबर वर्षभर उन्हात वाळतं आणि पहिल्या जोरदार सरीत काचेवर रेघा ओढतं. नवी जोडी घालायला पाच मिनिटं लागतात. पाच माणसांच्या श्वासानं काच आतून धुरकटते तेव्हा फडक्यानं पुसत बसू नका. एसी लावा, हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण ठेवा. एसी हवेतला ओलावा काढून टाकतो, मग बाहेर थंडी असली तरी हरकत नाही. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची एक नवी फॅशन आली आहे. त्यामुळे तुम्ही वळणार आहात की थांबला आहात हे मागच्याला कळतच नाही. हेडलाइट खाली ठेवून हळू चाला, ते पुरतं.

या तीन गोष्टी झाल्या की मी कूलंटची बाटली बघते. इंजिन थंड असताना पातळी किमान आणि कमाल या दोन रेघांमध्ये हवी. ती दर महिन्याला उतरत असेल तर कुठेतरी गळतंय. वरून पाणी घालत राहणं हा उपाय नाही. घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण लावा. विचित्र वाटेल, पण इंजिनची उष्णता तुमच्या पायांपाशी बाहेर पडते. तरी काटा उतरला नाही तर थांबा. गरम असताना झाकण उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं, झाकण सैल होताच ते एकदम उसळतं. हात-तोंड भाजल्याच्या गोष्टी काकांकडे पुष्कळ होत्या.

सर्व्हिस सेंटरबद्दल थोडं. मागे एका ठिकाणी मी ब्रेक फ्लुइड बदला म्हणून सांगितलं, तर समोरच्या माणसानं, "मॅडम, साहेबांना विचारून सांगा," म्हटलं, आणि त्याच दमात इंजिनची कसली ट्रीटमेंट, एसीचा सुगंध आणि रंगावरचा थर असं चार हजारांचं पान पुढे केलं. साहेबांना गाडीतलं पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे तेही आठवत नाही, पण ते असो. सांगायचं एवढंच की दर दहा हजार किलोमीटर किंवा वर्षाला होणारं सर्व्हिसिंग म्हणजे मुख्यतः तेल आणि फिल्टर बदलणं. ते हवंच. पण घाटाची तयारी तुम्ही तोंडानं मागितली तरच होते: पॅड किती मिलिमीटर उरलेत, फ्लुइड कधीचं आहे, टायरचं वय काय, बॅटरीची तपासणी केली का. ही चार उत्तरं कागदावर लिहून मागा. सुगंध नको म्हणा.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं मात्र आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं कळायला हवं. लाल म्हणजे आत्ता थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणणं म्हणजे इंजिनावर पाणी सोडणं. पिवळ्या इंजिनच्या दिव्यासाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र मिळतं. फोनवर बिघाडाचा क्रमांक दिसतो. मी ते बाळगते. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे. पी०४२० आला की इंटरनेट सांगतं महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला, प्रत्यक्षात कधी कधी बिघडलेला असतो ऑक्सिजन सेन्सर किंवा सायलेन्सरचा गळका सांधा. आपल्या प्रोग्रामच्या लॉगमधली शेवटची ओळ कुठे दरवेळी खरं कारण सांगते? आणि तो क्रमांक पुसून दिवा घालवणं म्हणजे लॉग डिलीट करून बग मिटला म्हणणं.

आमच्या धंद्यातली एक सवय तर गाडीत घातक ठरते: काही अडलं की बंद करून पुन्हा चालू करा. रस्त्यावरून वहाळ वाहत असताना गाडी त्यात घातली आणि ती बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नका. एकदाही नाही. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात नुसती बंद पडलेली गाडी बऱ्याचदा सुकवून, तेल बदलून वाचते. पुन्हा चालू करू पाहिलेल्या गाडीचं इंजिन उघडावं लागतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हजारो गाडीवाल्यांची बुडालेल्या गाड्यांशी गाठ पडली. अशा इंजिनाचा खर्च साध्या विमा पॉलिसीत बहुधा येत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पावसाळ्याआधी पॉलिसी उघडून ती ओळ शोधा. पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर दिसत असेल, किंवा तळ दिसत नसेल आणि प्रवाह असेल, तर थांबायचं. सुप्याचे वहाळ सर ओसरली की तासा-दोन तासांत उतरतात. चवथ तेवढ्यात पळून जात नाही.

निघताना फोनमध्ये नकाशा उतरवून घ्या, पेट्रोल दांडेली किंवा रामनगरच्या मागे ठेवू नका, आणि गाडी ओढायचा स्क्रूचा हुक बूटच्या तळाशी आहे का बघा. बिनचावीच्या गाडीवाल्यांनी रिमोटच्या आत लपलेली खरी चावी काढून बघावी. बटनसेल संपला तर तीच दार उघडते.

गावी पोचल्यावर गाडी आठ दिवस अंगणात उभी राहते, तिथेही दोन गोष्टी होतात. पहिली उंदीर. इंजिनची ऊब आणि तारांवरचं आवरण दोन्ही त्यांना आवडतं. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, मिरचीचा फवारा असे घरोघरचे उपाय आहेत; माझा अनुभव असा की जागाच महत्त्वाची. भाताच्या कणगीजवळ, लाकडांच्या ढिगाजवळ लावू नका, रात्री बॉनेट उघडं ठेवा म्हणजे आत अंधार-ऊब राहत नाही, आणि रोज एकदा गाडी सुरू करून थोडी फिरवा. दुसरी गोष्ट हँडब्रेक. आमच्या ओलाव्यात मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात आणि परतीच्या सकाळी गाडी हलतच नाही. सपाट अंगणात गिअर टाकून, चाकाला दगड लावून हँडब्रेक सोडून ठेवा. उतारावर मात्र हँडब्रेक, गिअर, दगड, तिन्ही.

आणि बॅटरी. तिचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. इंजिन बंद असताना, रात्रभर विश्रांती झालेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवे. नाही दिसले तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा असू शकतो, आणि नवी बॅटरी घालूनही तीच रड राहील. दिवा राहिला, पोरांनी गाणी लावली आणि विसर्जनानंतरच्या सकाळी नुसतंच टकटक झालं, तर शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावायचा क्रम असा. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या बॅटरीला नव्हे, तिच्यापासून लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ पडू नये म्हणून हे शेवटचं टोक दूर. आधी शेजाऱ्याची गाडी सुरू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग आपली. सुरू झाली की केबल उलट्या क्रमानं काढा आणि गाडी अर्धा तास तरी चालवा. जोयड्याच्या बाजारात जाऊन परतीच्या वाटेसाठीची पिशवी भरून आणली की तेवढा वेळ सहज होतो.